भरती बंद आहे

आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात समुद्र येतो, ही बाब मी नगररचना कार्यालयाच्या निदर्शनास आणून दिली. बाळ नुकतंच रांगायला लागलंय, दिसेल ते तोंडात घालतं. परवा ओट्याखालून त्याने जिवंत खेकडा ओढून काढला.

"समुद्र येऊच शकत नाही," नकाशांचे साहेब म्हणाले. "या, दाखवतो."

भिंतीवर गावाचे जुने-नवे नकाशे ओळीने टांगलेले होते. सर्वांत जुन्यात आमच्या इमारतीच्या जागी एक होडी काढली होती. पुढच्यात दलदल. त्यापुढच्यात 'प्रस्तावित भराव'. आणि शेवटच्या, मंजूर नकाशात आमची इमारत, बाग, रस्ता, पुन्हा एक बाग आणि पार कोपऱ्यात बोटभर निळा रंग.

"हा भराव टाकला कुठे?"

"नकाशात. दर नकाशात आम्ही समुद्र थोडा मागे घेतला. तो गेला नसेल, तर अतिक्रमण त्याचं."

"अहो, पण पाणी खारट आहे!"

"मीठ सांडलं असेल. सासूबाईंना विचारा."

"आणि खेकडा?"

"पाळलाय? मग त्याची नोंद केलीत का?"

नवरा म्हणाला, "अगं, तोंडी काय भांडतेस? लेखी दे." दिलं. 'भरतीच्या वेळी घरात पाणी शिरते. लहान मूल आहे. तरी बंदोबस्त व्हावा.' 'भरती' शब्द पाहून अर्ज थेट नोकरभरती शाखेत गेला. यथावकाश उत्तर आले : 'सध्या भरती बंद आहे. शिवाय आपल्या मुलाचे वय बसत नाही.'

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. "बघ, कार्यालयानंच बंद केली. उगाच घोर लावून घेतेस."

त्याच दिवशी भरती आली. तिला पत्र पोचलं नसावं. मी बाळाला कडेवर घेऊन स्टुलावर उभी, आणि त्याची मऊ भाताची वाटी डुलत डुलत दाराबाहेर निघालेली.

मी पुन्हा गेले. या वेळी साहेबांनी मला खुर्ची दिली.

"ताई, घरात समुद्र येतो असं मी लिहून देतो. पण मग तुमचं घर समुद्रात आहे, असं ठरेल. म्हणजे बांधकाम बेकायदा. राहता येणार नाही आणि विकताही येणार नाही. लिहू?"

इतक्या वेळात त्यातला 'विकता' हा एकच शब्द माझ्या कानाला गोड लागला.

"नको," मी म्हटलं. "मंजूर नकाशाची एक रंगीत प्रत द्या."

ती प्रत आता आमच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावली आहे. घर खरंच छान आहे हो. हवेशीर, बागेसमोर, फरशी तर सदा धुतल्यासारखी. तुमचंही बाळ रांगतंय म्हणालात ना? मग अगदी तुमच्यासाठीच आहे. समुद्राची काळजी नको, नकाशात स्वतःच बघा किती लांब आहे तो.

फक्त यायच्या आधी फोन करा. भरती बंद असेल ती वेळ सांगते.