वधूची संमती आणि उरलेला एंटर

विवाह नोंदणी कार्यालयात संगणक आला आणि तेव्हापासून एकही नवरी लग्नाला तयार होईना. कारकून तिचं वय टाकून एंटर दाबायचा आणि पुढचा प्रश्न कुणी वाचायच्या आत पडद्यावर उमटायचं, 'वधूची संमती : नाही'. वराला हा प्रश्नच नव्हता. तो आला म्हणजे तयार, असं धोरण होतं. साहेबांनी तोडगा काढला. छापील कागदावरचं 'नाही' लाल शाईने खोडायचं, वर 'हो' लिहून शिक्का मारायचा. काम सुरळीत चाललं होतं.

मग लाल शाई संपली. नाइलाजाने प्रोग्रामरला बोलावणं गेलं.

त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या नवरीने पडद्यावरचं 'नाही' वाचलं आणि तिला फार बरं वाटलं. हेच ती घरी कधीपासून सांगत होती. आई म्हणाली, "बघू." बाबा म्हणाले, "आधी जेवून घे." मामा तर हॉल ठरवून मोकळा झाला. इथे निदान कुणीतरी ते लिहून घेतलं होतं.

"प्रोग्राम सी भाषेतला आहे," प्रोग्रामर म्हणाला. "तो वयाचा आकडा उचलतो, पण एंटर दारातच राहतो. पुढच्या प्रश्नाला एकच अक्षर लागतं, तर हा आगाऊ एंटरच अक्षर बनून तिथे घुसतो. आणि 'हो'चा 'ह' सोडून काहीही आलं की नकार. एक ओळ घालतो. आधी उरलेलं अक्षर गिळायचं, मग विचारायचं."

त्याने ओळ घातली. कारकुनाने वय टाकलं. पडदा थांबला.

"आता कुणाची वाट बघतंय हे?" बाबांनी विचारलं.

"ताईंची."

हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. "अगं, दाब की 'ह'," मामा खेकसला, "खाली गाडी खोळंबली आहे!" नवरदेवाने मोबाईलमधून मान वर काढली आणि परत घातली.

नवरीने 'न' दाबलं.

'वधूची संमती : नाही.'

साहेबांनी चष्मा पुसला. "बिघाड तसाच आहे."

"बिघाड नाही साहेब, मी दाबलं," नवरी म्हणाली.

"ताई, तांत्रिक चर्चा चालू आहे. मध्ये बोलू नका."

प्रोग्रामरने तिचं बोट पाहिलं होतं. "पुन्हा तपासतो," तो खाली बघत म्हणाला.

तेवढ्यात शिपाई लाल शाईची बाटली घेऊन आला. मागे रांगेत तुम्हीआम्ही उभे होतोच. एकदाचा नंबर पुढे सरकला म्हणून आपल्याला हायसं वाटलं.