टेंबेभैयांचे अकरा सेकंद

टेंबेभैयांच्या बरोबरीनं कुणाला चालता येत नाही, कारण ते नेहमी मागे असतात. चार पावलं मागे, किंचित उजवीकडे, आणि हातात छत्रीच्या दांड्याला बांधलेला मोबाइल उंच धरलेला. आम्ही झाशीत, नगरा मोहल्ल्यात राहायला आलो त्याच आठवड्यात भाजी घेऊन परतताना हा गृहस्थ असाच माझ्या मागून येऊ लागला. मी पिशवीतला भोपळा त्याच्या डोक्यात घालायच्या बेतात होते, तेवढ्यात तो अगदी नम्रपणे म्हणाला, "चालत राहा वहिनी, मी इथं नाहीच असं समजा." झाशीच्या रस्त्यात अचानक मराठी ऐकू आलं की निम्मा राग तिथंच उतरतो. उरलेला निम्मा मी घरी येऊन नवऱ्यावर काढला.

पुढे कळलं की ते शेजारी आहेत आणि व्हिडिओ गेमसाठी कॅमेरा बनवतात. आणखी पुढे कळलं की हा कॅमेरा मुळात नसतोच. गेममधला वीर पळत असतो आणि खेळणाऱ्याला तो पाठीमागून दिसत असतो. तो किती लांबून दिसावा, वळणावर कुठून दिसावा, मध्ये खांब आला तर काय करावं, ह्या सगळ्या हिशोबाला ते कॅमेरा म्हणतात. टेंबेभैयांनी असे हिशोब आयते करून एका पेटीत भरून ठेवले आहेत. टूलकिट म्हणतात तिला. देशोदेशीचे गेम बनवणारे ती वापरतात, आणि ती तयार होते आमच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. पूर्वी हे रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. लग्न राहून गेलं, नोकरी मध्येच सोडली, पण ह्या पेटीच्या कामातून मात्र त्यांनी कधी सुट्टी घेतली नाही.

आमच्याकडे आले तरी ते भिंतीला टेकून बसत नाहीत. कॅमेरा भिंतीत घुसणं हे त्यांच्या मते महापाप आहे. दतिया गेटच्या बाजारात एकदा एका लालाजींनी वळून विचारलं, की भैया, कब से पीछे पड़े हो? ह्यांनी हात जोडून सांगितलं, "आप चलते रहिए, मोड़ बहुत बढ़िया लेते हैं आप." लालाजी खूश होऊन आणखी दोन वळणं घेऊन आले. मला मनापासून कौतुक वाटतं ते ह्याचं. माणूस कसा चालतो, कुठं अडखळतो, कुठं उगाचच रेंगाळतो, हे इतकं आदरानं बघणारा दुसरा कुणी मला भेटलेला नाही. "मागं राहायचं, मागं लागायचं नाही," हे त्यांचं पालुपद.

ह्या वर्षी अपडेटचं संकट आलं. ज्या सॉफ्टवेअरवर हे गेम बनतात त्याची नवी आवृत्ती निघाली आणि टेंबेभैयांची पेटी तिच्यात चालेना. सगळं नव्यानं लिहायला बसले. तेवढ्यात वापरणाऱ्यांनी एक जुनी तक्रार लावून धरली. वीर थांबला की कॅमेरा लगेच जवळ यायला हवा, ह्यांचा मात्र अकरा सेकंद लांबच उभा राहतो आणि मग बाजूनं हळूच येतो. खेळणारे कंटाळतात. हे काढलं नाहीत तर आम्ही दुसऱ्याची पेटी घेऊ, असं बऱ्याच जणांनी कळवलं. ती दुसरी पेटी तयारही होती. म्हणजे इतक्या वर्षांचं काम धूळ खात पडायचं.

एरवी कुणी चूक दाखवली तर आभार मानून सुधारणारा हा माणूस, पण ह्या अकरा सेकंदांवर मुका होऊन बसला. मी पाठवलेले पोहेसुद्धा परत येऊ लागले.

शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी बोलावलं. अकरा सेकंद काढले होते. कुठलंही अपडेट बाहेर पडण्याआधी गेममधलं काहीही न कळणाऱ्या माणसानं ते चालवून बघायचं, असा त्यांचा नियम आहे, आणि तो माणूस म्हणजे मी. पडद्यावर आमचीच गल्ली होती. गिरणी होती, कोपऱ्यावरचा कडुलिंब होता आणि पांढऱ्या कोटातले एक म्हातारे पाठमोरे उभे होते. मी लगेच ओळखलं. टेंबेभैयांचे वडील, आबा. मालगाडीचे गार्ड होते, दोन वर्षांपूर्वी गेले.

मी कीबोर्डवरचा बाण दाबला, आबा चालू लागले. कडुलिंबापाशी थांबवले, तर कॅमेरा सरळ त्यांच्या पाठीशी येऊन भिडला. मी म्हटलं, झकास झालंय.



"आता आबांना कळलं असतं," टेंबेभैया म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. शेवटी शेवटी आबांना आठवत नसे. रोज सकाळी गार्डचा कोट चढवून ते ड्यूटीवर निघत आणि वाटेत कुठंतरी रस्ता विसरून थांबत. बरोबर कुणी आलेलं खपायचं नाही. एकदा हे घाईनं पुढे गेले, तर आबांनी विचारलं, "मी हरवलोय असं वाटतं का रे तुला?" आणि दिवसभर जेवले नाहीत. तेव्हापासून हे झाडामागे थांबून मोजायचे. बहुतेकदा अकराच्या आत आबांना आपला आपण रस्ता सापडायचा. नाहीच सापडला, तर बाजूच्या गल्लीतून वळसा घालून सहज भेटल्यासारखं समोर जायचं.

त्या दोघांना तसं चालताना मी कितीदा पाहिलं होतं. बापलेकांचं पटत नाही म्हणून लांब लांब चालतात, असं मला वाटायचं, आणि गल्लीत मी ते चार जणींना सांगितलंही होतं. माझी मलाच लाज वाटली.

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि काढलेलं सगळं परत घातलं. "जे जातील ते जातील," म्हणाले, आणि कीबोर्ड पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

मी आबांना कडुलिंबापर्यंत नेलं आणि बोट उचललं. कॅमेरा झाडामागे थांबला. खाली गिरणी बंद होती. आम्ही दोघंही मनात मोजत होतो. अकरा झाले, तसा कॅमेरा निघाला, बाजूनं वळसा घालून आला, आणि पहिल्यांदाच आबांचा चेहरा दिसला, गोंधळलेला. टेंबेभैया पडद्याकडे वाकले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "अरे आबा, तुम्ही इथं? बरं झालं भेटलात. मीपण घरीच निघालोय."