मफी ड्रायव्हर

अब्बासभाई कुणाचंही खोकं बांधायला घेतलं की आधी त्यात तोंड घालायचा आणि जोरात श्वास ओढायचा. मग मान हलवायचा. "वास नाही. साबण वर घे." गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, साबण जड, तो खाली बरा. "जड असू दे. खोकं उघडलं की आधी नाकाला कळलं पाहिजे, डोळ्याला मागनं."

बहरीनला हूरा भागात आमच्या बिल्डिंगखाली कार्गोचं दुकान होतं, तिथे तो पॅकिंग करायचा. तो रत्नागिरीकडचा, मी खेडचा. त्याची खोली माझ्या खोलीला लागून. गावी रजेवर निघालेल्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात दुसऱ्या चौघांची खोकी पडायची, ही आमच्याकडची रीतच. अब्बासभाईचं एक त्यात ठरलेलं. निळी नायलॉनची दोरी, चारी बाजूंनी मुलीचं नाव: रुबिना. खोकं दरवर्षी जायचं. अब्बासभाई जायचा नाही.

मी मीना सलमान बंदरात क्रेन चालवायचो. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून वर ढकललेलं. पण क्रेनवर वीस माणसांच्या डोक्यावर बसलं की माणसाला आपण कलेक्टर वाटायला लागतो. मला जरा जास्तच वाटायचं.

एकदा मगरीबनंतर, संध्याकाळची नमाज झाल्यावर, अब्बासभाईनं मला गच्चीवर ओढत नेलं. आभाळात एक ठिपका सरकत होता, त्याच्यामागं दुसरा, बारीक.

"पुढचं ते रशियाचं अंतराळातलं स्टेशन. माणसं राहतात त्यात. मागची त्यांची मालगाडी. खाणं, पाणी, हवा घेऊन चाललीय. मफी ड्रायव्हर!"

मफी म्हणजे नाही. मला ते लागलं.

"ड्रायव्हर नाही तर माल जागेवर बसवतं कोण?"

"आपोआप बसतो."

"आपोआप माझ्या हुकात गोणी बसत नाही, आणि वरती आख्खी गाडी बसते? विमान आहे ते."

"दिवे कुठायत विमानाचे?"

"बंद केले असतील. डिझेल वाचवायला."

यावरून आमचं बोलणं बंद झालं. शेवटी ऑफिसातल्या एका शिकलेल्या पोरानं पेपर वाचून दाखवला, गाडीत खरंच माणूस नसतो. मी म्हटलं, असेल, रशियात असेल, मीना सलमानला चालायचं नाही. एवढी माघार मी बायकोपुढंही घेतलेली नाही.

अब्बासभाई रेडिओला कान लावून असायचा. त्या गाडीतून सफरचंदं, लिंबं पाठवतात आणि दार उघडल्यावर वरच्या माणसांना आधी त्यांचा वास येतो, हे ऐकलं त्या दिवशी तो दुकानातून पळत वर आला. "बघ! रशियावाले पण माझ्याच पद्धतीनं भरतात!" जणू यानंच त्यांना तार करून कळवलं होतं. आणि माल उतरला की तीच गाडी कचऱ्यानं भरून सोडून देतात, समुद्रावर जळून जाते, हे ऐकलं तेव्हा जेवलाच नाही. "बिचारी," म्हणाला. मी त्याची डाळ खाल्ली. वाया कशाला घालवायची?

मग रुबिनाचं लग्न ठरलं. निकाह ईदेनंतर. मी त्याआधी रजेवर निघालो होतो. अब्बासभाईनं भलंमोठं खोकं माझ्या दारात आणून ठेवलं.

"मी नेणार नाही," मी म्हटलं. "निकाहला तू ये. बापाशिवाय खोकं हलणार नाही."

"मालाच्या गाडीत माणूस बसत नाही, कांबळे."

"चेष्टा पुरे."

तो खोक्यावर बसला. "मागं गेलो होतो तेव्हा पाच वर्षांची होती. मला बघून माळ्यावर चढून बसली. दोन महिने परका माणूस म्हणून लांबनं बघायची. खोकं मात्र लगेच ओळखलं तिनं. आता भर निकाहात, सगळ्या माणसांत तशीच बघितली तर?"

माझा हट्ट सगळ्या बंदरात प्रसिद्ध. तो हट्ट घेऊन, वर ते खोकं घेऊन, मी गुपचूप विमानात बसलो.

खाडीपलीकडं त्याचं घर. रुबिनानं दोरी कापली नाही. एकेक गाठ सोडवली. वर गुलाबी साबणाच्या वड्या होत्या. पोरीनं खोक्यात तोंड घातलं ते काढेचना. सगळी बघत बसली. मग मान वर करून हळूच म्हणाली, "चाचा, अब्बांना असाच वास येतो ना?"

आता काय सांगू? अब्बासभाई कपडे धुवायच्या वडीनं आंघोळ करायचा. गुलाबी साबण त्यानं जन्मात अंगाला लावला नव्हता. अंगाला वास यायचा तो चिकटपट्टीचा, असं सगळी पोरं म्हणायची.

"होय गं," म्हटलं, "असाच."

परत आल्यावर हे सगळं त्याला गच्चीवर सांगितलं. त्यानं "खोकं फाटलं नाही ना?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बाथरूमबाहेर रांग लागली, आत अब्बासभाई. बाहेर आला तर गुलाबी साबणाचा घमघमाट म्हणून आख्खा मजला ओरडला. तिसऱ्या दिवशीही तेच. पोरं चिडवायला लागली, "काय अब्बासभाई, निकाह मुलीचा की तुमचा?" मी एरवी त्यांच्यात पहिला, या वेळी गप्प राहिलो. कार्गोच्या ऑफिसात त्याचा लीव्हचा अर्ज गेलाय, हे मला कळलं होतं.

त्याला सोडायला मी एअरपोर्टला गेलो. हातात एकच बॅग. दारापाशी थांबला, बाही वर केली आणि मनगट माझ्या नाकाखाली धरलं.

"येतो का रे?"

बंदराच्या धुरात माझं नाक कधीच मेलेलं. हे मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही.

"येतोय," म्हटलं. "यल्ला, जा आता."