मेल्यावरचे सबस्क्राइबर

सयाजीच्या चॅनेलला हजार सबस्क्राइबर झाल्याशिवाय कमाई सुरू होणार नव्हती, आणि गळा फाडफाडून गायलं तरी गाडी दोनशेच्या पुढे सरकत नव्हती. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर पेटी विकून मेहुण्याच्या टॉवेलच्या दुकानात बसायचं, असं त्यानं बायकोला, रेश्माला, कबूल केलं होतं. वैरागला राहणाऱ्या वडिलांनी, धोंडीरामांनी, तर मुलाचं एकही गाणं ऐकलं नव्हतं. गाणं म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, हे त्यांचं ठाम मत.

सयाजीनं नवा अभंग टाकायचं ठरवलं, तेव्हा त्यावरचं चित्र करून द्यायला दोस्त धावून आला. दोस्त म्हणजे फ्लेक्सवाला गुंडा. त्याच्याकडे साचे दोनच, एक वाढदिवसाचा आणि एक श्रद्धांजलीचा. अभंगाला केक आणि फुगे शोभणार नाहीत, एवढी अक्कल त्याला होती. म्हणून डोळे मिटलेला काळापांढरा सयाजी, भोवती झेंडूचा हार आणि खाली समई.

"लई सात्त्विक दिसतंय की," गुंडा म्हणाला.

सयाजीलाही पटलं. कपाळ फुटायचं असलं की माणसाला काहीही सात्त्विक दिसतं.

सकाळी ते चित्र बघून सयाजी गेला असं समजून भावकीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. एकानं दुःख केलं की दुसऱ्याला मागं राहवत नाही. दुपारपर्यंत सबस्क्राइबर सातशेवर गेले. 'असा गळा पुन्हा होणे नाही,' असं लिहिणाऱ्यांत त्याला कधीही कार्यक्रम न देणारे सगळे मंडळवाले होते.

"जित्ता हाय म्हणून सांगून टाकतो," सयाजी म्हणाला.

"खुळा हायस का? हजार होऊ दे की! तवर मेलेला ऱ्हा," गुंडा म्हणाला.

सयाजी आतल्या खोलीत लपला. बाहेर शेजारणी जमल्या. रेश्मानं "आवो, ते आत बसल्यात!" म्हणून सांगितलं, तर बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला असं समजून त्यांनी तिला पोटाशी धरलं.

ती कशीबशी सुटून आत आली. "तुमी हितं आकडे मोजत बसा. भाईर बायका माझ्या बांगड्यांकडं बघायल्यात!"

तेवढ्यात धोंडीराम पोचले. ते उंबऱ्यावर बसले. गुंडाला त्यांनी मोबाइलवर अभंग लावायला सांगितला. पूर्ण ऐकला आणि पुन्हा लावायला लावला.

"गळा हुता पोराला," ते म्हणाले. "जित्ता असताना ऐकाया पायजे हुतं म्या." आणि ते ढसाढसा रडले.

हजाराला थोडेच कमी होते. पण सयाजीला राहवलं नाही. तो बाहेर आला आणि म्हणाला, "आबा."

शेजारणी किंचाळल्या. धोंडीरामांनी आधी त्याच्या थोबाडीत मारली, मग त्याला घट्ट मिठी मारली. गुंडानं तोंड पाडून चॅनेलवर खुलासा टाकला. 'लोकांच्या भावनांशी खेळतो' म्हणून शिव्या देत संध्याकाळपर्यंत नवे गेलेच, जातानाच्या गर्दीत जुनेही बरेचसे गेले.

दुकान आता अटळ होतं. तरी सयाजी खूश होता, कारण आबा म्हणाले, "त्योच अभंग म्हण, माझ्याम्होरं."

सयाजीनं पेटी ओढली आणि जीव ओतून गायला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून गाणं मागितलं होतं. धोंडीराम शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"बरं म्हणतोस," ते म्हणाले. "पर त्यो फोनातला लई भारी म्हणायचा."