तेरा मेंढ्यांची ओळख

प्रगतीच्या प्रोजेक्टवर कॉलेजनं संशय घेतला, आणि तो प्रगतीपेक्षा हरिबाच्या जास्त जिव्हारी लागला.

"संशय? कुणावर संशय?" हरिबा फोनवर ओरडला. शेडमधल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. "तुझ्यावर का मेंढ्यांवर?"

"प्रोजेक्टवर, आबा. ते म्हणतात, मी दाखवलेला व्हिडिओ इंटरनेटवरून उचललेला दिसतो. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा मशीन बरोबर ओळखतं, हे त्यांना पटत नाही. शनिवारी बाहेरच्या परीक्षक मॅडम खुटबावला येणार आहेत. आपल्या शेडमध्ये उभं राहून बघणार. नाही चाललं तर नापास. म्हणजे वर्ष गेलं माझं."

"येऊ दे! माझ्या मेंढ्या काय इंटरनेटवरनं आणल्यात? खांद्यावर घेऊन वाढवल्यात त्या!"

फोन ठेवल्यावरही हरिबा बराच वेळ धुमसत होता. त्याच्या बापानं आणि आज्यानं मेंढरामागं अर्धा मुलूख पायाखाली घातला होता. आता ऊस आणि कांदा आला, मुलगा हनुमंत आणि सून सुषमा सणसवाडीच्या कंपन्यांत कामाला लागली, आणि कळपातल्या उरल्या तेरा मेंढ्या. त्याही हरिबाच्या हट्टापायी. नात प्रगती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉम्प्युटर आणि त्यातही आर्टिफिशियल इंटेलिजन्स. वर्गातल्या पोरांनी गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि हजेरीपट धरले. हिनं मेंढ्या धरल्या. मोबाइल मेंढीच्या तोंडासमोर धरायचा आणि मोबाइलनं तिचं नाव सांगायचं, असा तो प्रोजेक्ट होता.

दिवाळीपासून दर रविवारी प्रगती येई. हरिबा एकेकीची मान धरून तोंड कॅमेऱ्याकडं करी आणि नाव सांगे. "ही चांदी. ही बुगडी. ही साळू." प्रगती फोटो काढी आणि खाली नाव लिही. एकेकीचे दोनदोनशे फोटो झाले. मेंढ्या कंटाळल्या, पण हरिबा कंटाळला नाही.

"कशावरनं वळखायचं ते ह्याला कवा सांगणार?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"ते सांगायचं नसतं, आबा. आपण फक्त फोटो आणि नाव द्यायचं. काय बघून ओळखायचं ते त्याचं ते शोधून काढतं."

"आपलं आपण शिकणाऱ्या पोरावर ध्यान ठेवावं लागतं," हरिबा म्हणाला होता. "कुठनं शिकतंय कुणाला ठावं."

फेब्रुवारीत मशीननं तेराच्या तेरा नावं बरोबर सांगितली, तेव्हा हरिबाला आनंद झाला आणि थोडं पोटातही दुखलं. पन्नास वर्षं उन्हातान्हात चालून आपण जे कमावलं, ते ह्या डबड्यानं चार महिन्यांत बसल्याजागी उचललं! मग त्यानं स्वतःची समजूत घातली. शेवटी गुरू कोण? नावं तर आपणच सांगितली.

ह्या सगळ्यात त्याची बायको गिताबाई हिचं काम एकच होतं. दर सोमवारी ती गेरू आणि कपड्यांची नीळ कालवून मेंढ्यांच्या कपाळावर आणि मानेवर ठिपके लावी. कुणाला लाल, कुणाला निळा, कुणाला एक, कुणाला दोन. गेली दोन वर्षं चालू होतं. हरिबा तिची थट्टा करी. "आवं, दृष्ट लागती मुक्या जिवाला," एवढंच ती म्हणे. प्रगतीनंही एकदा कुरकुर केली होती, "आज्जी, फोटोत ठिपके येतात गं."

"येऊ देत की. फोटूचीबी दृष्ट लागती."

तर गुरुवारी गिताबाई मांडवगण फराट्याला गेली. तिच्या भाचीच्या, वैष्णवीच्या बाळाचं बारसं होतं. ती शनिवारी परतणार होती. घरात हरिबा एकटा. पुण्याहून शिकलेली बाई येणार, म्हणून त्यानं अंगण झाडलं, पुढच्या भिंतीला चुना मारला आणि सहज शेडकडं पाहिलं. त्याला शरमल्यासारखं झालं. लोकर लोंबतेय, लोकरीत गोखरू अडकलेत, मागं लेंड्यांचे गोळे. त्यात वर गेरूचे आणि निळीचे डाग. हा अवतार घेऊन ह्या परीक्षेला उभ्या राहणार? पाहुणे यायचे म्हटलं की आधी मेंढरं धुवायची आणि मग माणसांनी अंघोळ करायची, ही त्याच्या बापाची शिस्त होती.

त्यानं त्याच दुपारी विहिरीच्या हौदावर तेराच्या तेरा मेंढ्या साबण लावून धुतल्या. शुक्रवारी सकाळी शेजारच्या संपतला बोलावून लोकर कातरून घेतली. दुपारपर्यंत मेंढ्या सोललेल्या लसणाच्या पाकळ्यांसारख्या झाल्या.

पाच वाजता प्रगती एसटीतून उतरली, शेडपाशी आली आणि तिच्या खांद्यावरची बॅग खाली पडली.

"आबा! हे काय केलंत?"

"बघ की! कशा दिसत्यात?"

प्रगतीनं घाईघाईनं मोबाइल काढून पहिल्या मेंढीसमोर धरला. "ओळख पटली नाही," मोबाइलमधली बाई म्हणाली. दुसरीसमोर धरला. "ओळख पटली नाही." तेरा मेंढ्या झाल्या, तेरा वेळा तेच.

हरिबाच्या मस्तकात तिडीक गेली. "वळख न्हाई? चार म्हैनं ह्या मेंढ्यांनी त्याच्यापुढं तोंड धरलं, आन् आता वळख न्हाई? आम्ही लोकर कातरली, तोंड न्हाई कातरलं!"

प्रगती पालथ्या बादलीवर मटकन बसली. "आबा, त्यानं तोंड कधी बघितलंच नाही. कपाळावर एक लाल म्हणजे चांदी. लाल आणि निळा म्हणजे बुगडी. मानेवर दोन निळे म्हणजे साळू. इतके दिवस ते आज्जीचे ठिपके वाचत होतं."

हरिबाला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो गरजला. "म्हंजी कॉपी!"

"कॉपीच."

"खोटारडं! दुसऱ्याच्या वहीत बघून पैला नंबर! आन् मी ह्याला गुरुजीवानी शिकवत बसलो! ह्याच्यापुढं मी मेंढीची हनुवटी धरून उभा राहिलो, मुंग्या आल्या हाताला!" रागाच्या भरात तो मोबाइलवर धावून गेला. तो प्रगतीनं कसाबसा पाठीमागं लपवला.

"आबा, ओरडून काय होणार? मॅडम उद्या अकराला येतील. नवं शिकवायला वेळ नाही. तुम्ही एकेकीचं नाव सांगा, मी तसे ठिपके परत लावते. उद्याचा दिवस तर निभावू."

"हे आत्ता. मला काय ठिपकं लागत्यात व्हय?" हरिबानं धोतर खोचलं आणि पहिल्या मेंढीची मान धरली. "ही चांदी. लाव."

प्रगतीनं गेरूचा ठिपका लावला. हरिबा तोऱ्यात पुढं सरकला. बुगडी झाली, साळू झाली, मैना झाली. पाचवीपाशी तो जरा थांबला. "ही चांदी."

"चांदी झाली, आबा."

"मग ही बुगडी."

"बुगडीपण झाली."

"संप्याचा हात मोडला!" हरिबा उसळला. "पार चेहरामोहरा बिघडवून टाकला की मेंढ्यांचा! आन् ऊन बघ कसं तिरपं येतंय, डोळ्यावर." तो मेंढीच्या अगदी जवळ गेला. मेंढीनं त्याच्याकडं पाहिलं. ती त्याला ओळखत होती, यात शंका नव्हती. समोर तेरा पांढरी तोंडं, तेराही एका साच्यातली. पण नातीपुढं हे बोलणार कसं? जितका मनातून तो कचरला, तितका त्याचा आवाज चढला. "घे! ही मोगरी! ही गंगू! इचारतीस काय सारखं, लाव ठिपका!"

तेराही मेंढ्यांना ठिपके लागले. मोबाइलनं लगेच तेरा नावं सांगितली. सगळी त्या ठिपक्यांबरहुकूम. प्रगतीनं सुस्कारा टाकला.

"बघ, न्हाई त्याला लाज," हरिबा पुटपुटला, आणि पुढं कुणाबद्दलच काही बोलला नाही.

शनिवारी परीक्षक मॅडम वेळेवर आल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. शेडमध्ये येऊन त्यांनी विचारलं, "हा तुमचा डेटा का?"

"डेटा न्हाई बाई," हरिबा फणकारला. "मेंढ्या हायत."

मॅडमनी हसून मान डोलावली. प्रगती एकेका मेंढीसमोर मोबाइल धरू लागली. "मैना." "गंगू." "साळू." मॅडमनी मधल्याच एकीकडं बोट केलं, शेवटच्या दोघींची अदलाबदल करायला लावली. मोबाइल चुकला नाही. बारा झाल्या, बाराही बरोबर. मॅडमच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी सहीसाठी पेन काढलं. एक मेंढी राहिली होती. तिच्या कपाळावर एक लाल ठिपका होता.

नेमकी तेव्हाच गिताबाई बारशाची पिशवी घेऊन फाटकातून आत आली आणि जागीच थबकली.

"अगं बाई! माझ्या मेंढ्या बोडक्या कुणी केल्या?"

"चांदी," मोबाइलमधली बाई स्पष्ट आवाजात म्हणाली.

"कुठली चांदी?" गिताबाई पिशवीसकट शेडमध्ये शिरली. "ती बुगडी हाय! दिसत न्हाई का, डावा कान दुमडलाय तिचा? तिला चांदीचा ठिपका कुणी लावला?"

"आज्जी, थांब जरा," प्रगती कळवळून म्हणाली.

"थांबू काय? सोन्यासारख्या मेंढीला परक्या नावानं हाक मारायची? चांदी! ये गं!"

मागच्या कोपऱ्यातून एक मेंढी ब्यँ करत धावत आली आणि गिताबाईच्या पिशवीत तोंड खुपसून बारशाच्या घुगऱ्या शोधू लागली. तिच्या मानेवर साळूचे दोन निळे ठिपके होते. मग गिताबाईनं रागारागात साऱ्यांनाच हाका मारल्या. ज्या मेंढ्या पुढं आल्या, त्यांच्या अंगावरची नावं निराळीच. तेरापैकी दोन बरोबर निघाल्या.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"दोन तर बरोबर हायत!" हरिबा संतापून म्हणाला.

प्रगती मात्र मान खाली घालून सगळं सांगत गेली. साबण, कातरणी, ठिपके, काल संध्याकाळची लबाडी. काहीच लपवलं नाही. मॅडम शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे मशीन चेहरा ओळखत नव्हतं. ठिपके ओळखत होतं."

"हो, मॅडम."

"आणि मशीनला नावं कोणी सांगितली?"

"आबांनी."

"आबांनी कशावरून ओळखलं?"

हरिबा मेंढ्यांकडं वळला. आपण तोंडच बघतो, असं तो दोन वर्षं अगदी मनापासून धरून चालला होता. आता त्याला कळू लागलं की कुठल्याच मेंढीचं तोंड त्याला नीट आठवत नाही. कपाळ आठवतं, ठिपका आठवतो. त्यानं बायकोकडं चोरून पाहिलं.

गिताबाई पिशवीची गाठ सोडत होती. "त्यांची चूक न्हाई, मॅडम," ती हळूच म्हणाली. "ठिपकं म्या त्यांच्यासाठीच लावत व्हते."

"तू तर दृष्ट म्हणाली व्हतीस!"

"दृष्ट कसली, आवं! दोन वर्सांखाली ह्या संपतची मेंढी चांदी म्हणून घरी आणलीत, गोंजारून भाकर चारलीत तिला. म्या गुपचूप नेऊन पोचवली. मोतीबिंदूचं नाव काढलं की अंगावर येता. मग काय करू? ठिपकं लावलं."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हरिबा लाल झाला. आधी रागानं आणि मग कशानं ते त्यालाही कळेना.

"प्रगती," शेवटी मॅडम म्हणाल्या, "प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाचा असावा, असा आम्हाला संशय होता. तो फिटला. असला घोळ इंटरनेटवरून उचलता येत नाही. हा अस्सल तुझाच आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आज नापास करत नाही. एक महिना देते. ठिपके पुसून पुन्हा फोटो काढ. चूक कशी सापडली ते अहवालात नीट लिही. आणि नावं आजींना विचार."

"आन् मी?" हरिबा गरजला. "मी काय करू?"

"तुम्ही मान धरा," मॅडम म्हणाल्या. "आणि डोळे तपासून घ्या."

पुढच्या रविवारी पुन्हा शेडमध्ये फोटोंचा कारखाना सुरू झाला. ठिपके नव्हते. गिताबाई खुर्चीवर बसून नावं सांगत होती, प्रगती लिहीत होती आणि हरिबा मान धरत होता. दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुधवारची तारीख दिली होती. त्याबद्दल तो कुणाशी बोलत नव्हता.

दुपारी प्रगतीनं नव्यानं शिकवलेलं मशीन लावून पाहिलं. गिताबाई चहा टाकायला घरात गेली होती. एका मेंढीसमोर मोबाइल धरला. मोबाइल बराच वेळ काही बोललाच नाही, आणि मग म्हणाला, "ओळख पटली नाही."

"अरे देवा! एवढंसुद्धा कळत नाही ह्याला!" प्रगती वैतागली.

हरिबा एकदम उखडला. "ए पोरी, बोलू नगंस त्याला! न्हाई दिसत बिचाऱ्याला, तर काय जीव घेशील? चारचौघांत कुणाचं असं काढायचं नसतं!"

हरिबानं तिच्या हातातला मोबाइल घेतला आणि घराच्या दाराकडं एकदा बघून घेतलं. मग मोबाइल तोंडाशी धरून तो हळूच म्हणाला, "चांदी म्हण. चांदी." मेंढी ब्यँ करून ओरडली.

"बुगडी!" चुलीपासून गिताबाईचा आवाज आला.