सील गेलं

डॉक्टर छातीला नळी लावून जे ओळखतात, ते मी भिंतीपलीकडून ओळखतो. फरक एवढाच, की त्यांच्यापुढे माणूस असतो आणि माझ्यापुढे पंप. तंत्रनिकेतनातून यंत्रशास्त्राची पदविका घेऊन मी जो पंपांच्या कारखान्यात शिरलो, तो निवृत्त होऊनच बाहेर पडलो. तोवर डोक्यावरचे केस गेले होते, दृष्टीही चष्म्याच्या स्वाधीन झाली होती, पण कान मात्र शाबूत होते. पंप कण्हू लागला की बेअरिंग, खोकू लागला की हवा आणि बारीक आवाजात रडू लागला की सील. सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसवलेली रबराची कडी. तिच्यामुळे पाणी बाहेर गळत नाही. कडी लहानशी असते, पण ती गेली की पंप म्हणजे नुसते लोखंड. हे सारे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. पुढे जे घडले त्यात माझ्या कानांचा तिळमात्र दोष नव्हता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून समुद्रकाठच्या त्या भाड्याच्या घरात आमची ही, सूनबाई आणि दोन नातवंडे यांना घेऊन जाण्याची जबाबदारी माझ्यावर आली. नातीला आम्ही मोठी म्हणतो. तिचे वय आठ. धाकटा चार वर्षांचा. निघण्यापूर्वी मी मोठीला शब्द दिला होता, की समुद्रातले एक तरी मोठे जनावर दाखवल्याशिवाय तुला परत आणणार नाही. माझ्या मनात डॉल्फिन होता. त्यासाठी मी दुर्बीण घेतली आणि ती हातात थरथरू नये म्हणून अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे तिपाई स्टँड घरीच तयार केले. त्याला चहूकडे फिरणारा सांधा बसवला, पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली लाकडी चकत्या ठोकल्या. त्या स्टँडवर तोफसुद्धा डळमळली नसती.

डॉल्फिन मात्र आला नाही. पक्षी दिसले, होड्या दिसल्या. एकदा मी "आला, आला" म्हणून सगळ्यांना गोळा केले, तर लाटेतून वर आले ते पोहणाऱ्या एका गृहस्थांचे टक्कल. त्यांनी आमच्याकडे पाहून हात हलवला. मोठीनेही नाइलाजाने हलवला.

शेवटच्या दिवशी सकाळी मी स्टँडचे स्क्रू आवळत होतो. मोठी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, नाही दिसला तरी चालेल. शाळेत मी खेकडा पाहिला असं सांगीन."

रडली असती तर मी समजूत घातली असती. तो समजूतदारपणा माझ्या जिव्हारी लागला. आज काहीही झाले तरी दुर्बिणीपासून हलायचे नाही, असे मी ठरवले.

तेवढ्यात घराच्या कडेच्या शेडमधून तो आवाज आला. बारीक, ओलसर, शेवटाला लांबत जाणारा. मी हातातला पेचकस खाली ठेवला आणि आमच्या हिला म्हणालो, "सील."

"आपण सुट्टीवर आलोय," ती म्हणाली.

घरमालकीण शेजारीच राहत असे. ती त्याच वेळी शेडमधून बाहेर आली. पायांत गमबूट, हातात रिकामी बादली आणि चेहऱ्यावर काळजी. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "काका, शेडमध्ये सील आहे बरं का."

"आवाजावरूनच ओळखलं मी."

तिच्या नजरेत माझ्याविषयी एकदम आदर दिसू लागला. "तुम्हाला त्यातलं कळतं?"

"सगळं आयुष्य त्यातच गेलं, बाई."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने मला भराभर सूचना दिल्या. सील कोरडे पडता कामा नये, त्यावर सतत पाणी मारत राहायचे, हात लावायचा नाही. मी मान डोलावत होतो. कोरडे चालले की सील जळते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. एका सामान्य गृहिणीला ते ठाऊक असावे याचे मला कौतुक वाटले. पण पुढे ती म्हणाली, की केंद्रातल्या तज्ज्ञ बाईंना आणायला ती गाडी घेऊन निघाली आहे. तेव्हा मात्र माझा स्वाभिमान दुखावला.

"एका सीलसाठी तज्ज्ञ कशाला?" मी म्हणालो. "माझी हत्यारं बरोबर आहेत. दहा मिनिटांत काढून फेकून देतो."

"फेकून?"

"नाहीतर काय, जपून ठेवायचं? फाटलंय का?"

"पोटाखाली थोडं खरचटलंय," ती दबकत म्हणाली.

पंपाच्या मधल्या फुगीर भागाला आमच्याकडेही पोट म्हणत. "मग संपलंच ते," मी म्हणालो. "अहो, अशी शेकड्यांनी सीलं मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकली आहेत."

ती एक पाऊल मागे सरली. तिने शेडला कुलूप घातले आणि किल्ली माझ्या हाती न देता स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईच्या हाती दिली. दोघी बराच वेळ कुजबुजल्या, मग दोघींनी एकदमच वळून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, माझ्या अनुभवाची चर्चा चालली आहे. तशी ती चालली होतीच.

घरमालकीण गेली. मी दुर्बिणीला डोळे लावून समुद्राकडे तोंड करून बसलो. माझ्या पाठीमागे घरात काय चालले होते ते मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. नळ वाहत होते, बादल्या खणखणत होत्या, ओल्या पावलांची धावपळ चालली होती. मुले किल्ले करायला पाणी नेत असतील, असा मी तर्क केला. मध्येच धाकटा माझ्या मांडीवर येऊन चढला. नखशिखांत भिजला होता.

"आजोबा, सील शिंकलं."

"हवा अडकली असेल," मी डॉल्फिनवरची नजर न काढता म्हणालो. म्हणजे डॉल्फिन जिथे असायला हवा होता तिथली.

"त्याला मिशा आहेत."

"जुनं झालं की धागे सुटतातच."

हे त्याला पटले असावे, कारण तो उतरून निघून गेला. लगेच आतून सूनबाईचा दबका आवाज आला. आजोबांना काही सांगायचे नाही असे ठरले होते ना, असे ती त्याला बजावत होती. माझ्या डॉल्फिनच्या कामात व्यत्यय नको, या विचाराने ती बोलत असावी असे समजून मी मनोमन तिला शाबासकी दिली.

दुपारी जेवायला बसलो. सकाळी हिने धक्क्यावरून चांगले पाच मासे आणले होते, पण ताटात एकही नव्हता. मांजराने नेले, असे सूनबाई म्हणाली. पाचही मासे नेणारे मांजर म्हणजे वाघच असणार, पण मी वाद घातला नाही. मी हात धुवायला उठलो तर नळाने एक उसासा टाकला आणि थांबला. टाकी रिकामी झाली होती.

"बघा," मी म्हणालो. "सकाळी सांगितलं तेव्हाच सील काढू दिलं असतं तर ही वेळ आली नसती."

सूनबाईने शब्द जुळवत विचारले, "बाबा, तुम्हाला त्या सीलबद्दल काहीच वाटत नाही का?"

"काय वाटायचं? झिजलं की बदलायचं. बाजारात पाहिजे तेवढी मिळतात."

मोठीने हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, लहान मुलांपुढे असं बोलू नये," आमची ही म्हणाली.

मुलांना तांत्रिक ज्ञान लहानपणीच द्यावे या मताचा मी आहे. म्हणून मी मोठीकडे वळून समजावून सांगू लागलो. जुने सील घट्ट बसलेले असते, त्यामुळे आधी कडेने पाचर घालायची, मग हातोडीने हलकेच ठोकत जायचे. तरीही निघाले नाही तर मधोमध कापून दोन तुकडे करायचे. मी इथवर आलो तेव्हा मोठीने असा काही हंबरडा फोडला, की धाकट्यानेही काही न कळता तिला साथ दिली. सूनबाई दोघांना घेऊन आत गेली. हिने माझ्याकडे असे पाहिले, जणू गेल्या चाळीस वर्षांचा संसार ती नव्याने तपासून बघत होती.

मला कारण उमगेना. मुलीला डॉल्फिन दिसला नाही, नळाला पाणी नाही, सुट्टीचा शेवट रडारडीत होतो आहे, एवढे मात्र कळत होते. पैकी पाण्याचे तरी मला जमण्यासारखे होते. मी हत्यारांची पेटी उचलली आणि सगळ्यांची नजर चुकवून शेडकडे गेलो.

कुलूप उत्तम प्रतीचे होते. बिजागऱ्यांचे स्क्रू मात्र बाहेरच्या बाजूला होते. मी ते एकेक काढले, दरवाजाच उचलला आणि नीट भिंतीला टेकवून ठेवला.

उन्हातून आत गेल्यावर काही दिसेना. दमट हवेने चष्म्याच्या काचा धुरकटल्या. माशांचा उग्र वास येत होता. पाणी किती दिवस साचले आहे कोण जाणे, असे मी मनाशी म्हणालो. मधोमध ओल्या गोणपाटांखाली लांबट, फुगीर असे काहीतरी होते. पंपावर ओले गोणपाट टाकणारे लोक पाहून मला कीव आली. गुडघे टेकून मी एक गोणपाट दूर केला आणि चाचपले.

रबर. इतके मऊ, इतके गुळगुळीत, इतक्या वरच्या दर्जाचे रबर माझ्या हाताखालून कधी गेले नव्हते. गरमही लागत होते; म्हणजे घर्षण. मी सांधा शोधत हात पुढे पुढे सरकवू लागलो. सांधा सापडला नाही. नाक सापडले.

ते माझ्या तोंडावर शिंकले.

पुढच्या क्षणाचे वर्णन मी ऐकीव माहितीवर करतो आहे, कारण माझा चष्मा उडाला होता. मी मागच्या मागे पाण्याने भरलेल्या धुण्याच्या टबात बसलो आणि तिथेच अडकलो. माझ्या पायांजवळून एक भलेमोठे, काळपट, चकचकीत धूड पोटावर घसटत निघाले. त्याने माझा मोठा पाना बाजूला सारला आणि जिथे दरवाजा असायला हवा होता तिथून, कुठलीही घाई न करता, ते बाहेर पडले. समोर समुद्र होता.

अंगणातून मोठीची किंकाळी ऐकू आली, "आई, सील गेलं!"

आणि मी टबात बसल्या बसल्या, सवयीने, उत्तर दिले, "तेच तर सकाळपासून सांगतोय मी."

हे वाक्य उच्चारत असतानाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात बर्फावर पहुडलेला एक मिशाळ प्राणी पाहिला होता. त्याच्या चित्राखाली छापलेले नाव मला पन्नास-पंचावन्न वर्षांनी आठवले.

मला टबातून उपसून काढेपर्यंत घरमालकिणीची गाडी दारात आली होती. तिच्याबरोबर जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टरबाई होत्या, हातात मोठी जाळी घेऊन. मोठीने हुंदके देत त्यांना सांगितले, की आजोबांनी दार काढून सीलला घालवून दिले, आता त्याची जखम बरी होणार नाही आणि ते मरून जाईल. माझ्या अंगावरून पाणी निथळत होते. समोर नुसते धूसर निळे काहीतरी दिसत होते. तिची समजूत घालायला माझ्याजवळ एक शब्दही नव्हता. तिला दिलेला एकुलता एक शब्द मी असा पाळला होता.

डॉक्टरबाई धावपळ न करता अंगणात उभ्या राहिल्या आणि माझ्या तिपाईकडे गेल्या. दुर्बीण वळवून त्यांनी बराच वेळ पाहिले. मग मोठीला विचारले, की सीलने काही खाल्ले का. पाच मासे, मोठी म्हणाली. आमच्या हिने सूनबाईकडे पाहिले. जखमेतून रक्त येत होते का, असे त्यांनी विचारले. नाही, नुसते खरचटले होते.

"मग ते फक्त थकलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला ओलं ठेवलंत, पोटभर खायला घातलंत. छान पोहतंय. मीसुद्धा तपासून संध्याकाळी सोडूनच दिलं असतं. ये, बघ."

मोठीने नाक पुसले आणि दुर्बिणीला डोळे लावले. स्टँड जराही हलले नाही, हे मी इथे नमूद करतो.

"डोकं वर काढलंय," ती हळूच म्हणाली. "आजोबा, ते मागे बघतंय. आपल्याकडेच." मग ती दुर्बीण हळूहळू फिरवत राहिली. "गेलं," ती शेवटी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही पाहिलंत ना?"

चष्मा सापडला नव्हता. मला टब सोडून काहीच दिसले नव्हते. मी तसे कबूल केले.

तिने क्षणभर विचार केला. "पण तुम्ही हात लावलात. आम्हाला कुणालाच लावू दिला नाही. कसं लागतं?"

"रबरासारखं," मी म्हणालो. "उत्तम प्रतीच्या."

शाळेत आता हेच सांगीन, असे म्हणून ती हसली. माझी खंत गेली, पाण्याचे दुःख गेले, ओल्या कपड्यांचेही काही वाटेनासे झाले. त्याच उत्साहात मी घरमालकिणीला म्हणालो, की आलोच आहे तर पंपाकडेही एक नजर टाकतो. ती म्हणाली, शेडमध्ये पंप कधीच नव्हता. तो विहिरीत आहे, नवा आहे, आणि आपण आधी दरवाजा बसवून दिलात तर उपकार होतील.

दरवाजा मी बसवला. दोन स्क्रू उरले.

तरीही, शेडमधला आवाज ऐकून मी "सील" म्हणालो होतो आणि शेडमध्ये सीलच होते, हे कोणालाही नाकारता येणार नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, टबाच्या तळाशी सापडलेला चष्मा लावून गाडी चालवता चालवता, हा मुद्दा मी सविस्तर मांडत होतो, तेवढ्यात मागच्या सीटवरून एक बारीक, रडवेला, शेवटाला लांबत जाणारा आवाज येऊ लागला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. पण आता आवाजावरून काहीही ओळखायचे नाही असा माझा निश्चय झाला होता, म्हणून मी गाडी न थांबवता गप्प बसून राहिलो.

तो धाकटा होता. आणि या वेळी गळती खरोखरच झाली.