उडीमागे एक कणीस

बाळांनो, नीट मांडी घालून बसा आणि मध्ये मध्ये पाणी मागू नका.

एका जंगलात द्वारकाबाई नावाची एक उंदरीण राहत होती. जंगल चांगलं होतं. झाडं होती, झरे होते, आणि एक परिषदही होती. परिषद म्हणजे काय, ते विचारू नका. झाडं आणि झरे आपापली कामं करत असताना ज्यांना काही तरी करावंसं वाटतं, त्यांची ती असते.

द्वारकाबाईंच्या यजमानांना मागल्या हिवाळ्यात घुबडाने उचललं होतं. मागे राहिली अकरा पिलं आणि करवंदाच्या जाळीखालचं एक बीळ. बीळ दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पिलं, मागच्या खोलीत दाणे. दाणे वाढले की पिलांना एकमेकांच्या अंगावर झोपावं लागे. पिलं वाढली की दाणे आपोआप कमी होत. असं ते ऐसपैस घर होतं.

एके सकाळी त्या घराच्या दारात डबके भाऊसाहेब येऊन उभे राहिले.

डबके भाऊसाहेब म्हणजे बेडूक. परिषदेचे मोजणीदार. काखेत वही, कानावर काडी.

“मावशी, घर मोजायचंय,” भाऊसाहेब म्हणाले. “बिळपट्टी बसलीय.”

बाळांनो, बिळपट्टी ही तशी न्यायाची गोष्ट होती. ज्याचं घर मोठं त्याचा कर मोठा, ज्याचं लहान त्याचा लहान. यात वाईट काय? काही नाही. अडचण एवढीच झाली, की घरं मोजायला आणलेली फीत वाळवीने खाल्ली. दुसरी फीत आणण्याचा ठराव झाला, तोही वाळवीने खाल्ला. शेवटी सभेत ठरलं, की घरं भाऊसाहेबांच्या उडीने मोजायची. जेवढ्या उड्या, तेवढी कणसं. पौर्णिमेच्या आत भरली नाहीत, तर बिळाचं तोंड चिखलाने लिंपून टाकायचं.

द्वारकाबाईंनी आदराने बाजूला होऊन वाट दिली. पिलांना भिंतीशी उभं केलं. भाऊसाहेब आत आले. आत गार होतं, ओल होती, कोणी डोळे वटारत नव्हतं. नुकतीच माश्यांची न्याहारी झाल्याने अंगही जड होतं. भाऊसाहेबांना फार बरं वाटलं. त्यांनी टुणुक करून एक उडी मारली. थांबले. पोट खाजवलं. टुणुक करून दुसरी मारली.

दुपारपर्यंत एकेचाळीस उड्या झाल्या.

“अहो भाऊसाहेब,” द्वारकाबाई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, “माझं शेंडेफळसुद्धा नऊ उड्यांत या टोकाचं त्या टोकाला जातं!”

“तुमच्या शेंडेफळाला परिषदेने नेमलेलं नाही,” भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी वहीत एकेचाळीस लिहिले.

द्वारकाबाईंनी दोन माश्या आणि एक चांगला गुबगुबीत किडा पुढे केला. भाऊसाहेबांनी मान फिरवली. “मी तसला नाही, मावशी. मी कोणाचं काही घेत नाही.”

ते खरंच होतं. डबके भाऊसाहेब अत्यंत प्रामाणिक होते. बाळांनो, लाचखाऊ माणसाशी गाठ पडली तर गरीब माणूस निदान घासाघीस करू शकतो. प्रामाणिक माणसापुढे त्याची काही धडगत नसते.

दोन दिवसांनी सगळ्यांच्या मोजणीची यादी उंबराच्या खोडाला लावली. द्वारकाबाई वाचायला गेल्या. सगळ्यात वर परिषदेचे अध्यक्ष वाघोबा यांचं नाव होतं. राहण्याचं ठिकाण : डोंगरातली गुहा. मोजणी : चार उड्या.

द्वारकाबाईंनी डोळे चोळून पुन्हा वाचलं. चारच.

ती गुहा सगळ्या जंगलाने पाहिली होती. पुढे दिवाणखाना, मागे बाळंतिणीची खोली, बाजूला शिकार टांगायची जागा, आणि आत स्वतःचा झरा.

“चार कशा हो झाल्या?” त्यांनी शेजारच्या साळिंदर तात्यांना विचारलं.

तात्या तिथेच मुळ्या चघळत बसले होते. “वहिनी, मी होतो ना तिथे! भाऊसाहेब दारात पोचले आणि नेमकी वाघोबांना जांभई आली. भाऊसाहेबांनी ते दात पाहिले. पहिल्या उडीत दिवाणखाना पार. दुसरीत बाळंतिणीची खोली. तिसरीत झरा. चौथी मारली ती मागच्या भोकातून बाहेर, थेट खालच्या ओढ्यात. वहीसुद्धा ओली झाली.”

“म्हणजे तिथे वेगळी उडी आणि माझ्याकडे वेगळी?”

“उडी तीच. जीव वेगळा,” तात्या म्हणाले. “माझ्याकडे मी नुसते काटे फुलवले. सहा उड्यांत काम झालं.”

द्वारकाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तडक परिषदेत गेल्या आणि त्यांनी हरकत नोंदवली.

हरकतींची सुनावणी गवेसाहेबांपुढे होती. गवा हा मोठा प्राणी. कपाळ रुंद, शिंगं भारी, चार खणांचं पोट. सकाळी जे ऐकून घेत, ते संध्याकाळपर्यंत रवंथ करत. पण एकदा गिळलेली गोष्ट त्यांनी कधी बाहेर टाकली नाही.

“बोला बाई,” गवेसाहेब म्हणाले.

“साहेब, माझ्या दोन खोल्या एकेचाळीस उड्या आणि अध्यक्षांची गुहा चार उड्या. हे खरं वाटतं का तुम्हाला?”

गवेसाहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. “काय हो? खोट्या उड्या मारल्यात?”

“साहेब, वाघोबांकडे मी चार मारल्या, चार लिहिल्या. बाईंकडे एकेचाळीस मारल्या, एकेचाळीस लिहिल्या. एक उडी इकडची तिकडे असेल तर जिभेला फोड येवो.”

“अहो, पण यांची उडी कुठे हातभर पडते, कुठे बोटभर!” द्वारकाबाई ओरडल्या.

गवेसाहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं. बराच वेळ चाळलं. “बाई, नियमात उडी असा शब्द आहे. लांब उडी, आखूड उडी असा भेद परिषद करत नाही. परिषदेला सगळ्या उड्या समान.”

“आणि आम्ही?”

“तुम्हीही समान,” गवेसाहेब म्हणाले. “म्हणून तर तुमची फेरमोजणी करू. आठ दिवसांनी. पुढचं कोण आहे?”

द्वारकाबाई घरी आल्या. कणसं मोजली. सात होती. उरलेली चौतीस कुठून आणायची? पौर्णिमा आली, बिळाचं तोंड लिंपलं, तर अकरा पिलं घेऊन कुठे जायचं? वर तर घुबड अजून त्याच फांदीवर होतं आणि त्याची प्रकृतीही उत्तम होती.

त्यांचा रडवेला चेहरा पाहून तात्या जवळ आले. “वहिनी, न्याय मागून मिळत नाही. भाऊसाहेब घाबरले की उडी लांब पडते. घरात काही तरी घाबरण्यासारखं ठेवा.”

“माझ्या घरात घाबरणारी मी आहे, घाबरवणारं कोणी नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या.

पण विचार डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी त्या दाणे वेचायला निघाल्या, तर वारुळापाशी तिथल्या नागनाथअण्णा नागाची कात पडलेली दिसली. अख्खी. फण्यापासून शेपटापर्यंत. द्वारकाबाईंनी आधी चारी पायांनी पळ काढला. मग थांबल्या. मग परत आल्या.

कात घरी आणून त्यांनी तिच्यात वाळकं गवत भरलं. मागच्या खोलीत वेटोळं करून ठेवली. फणा भिंतीला टेकवून उभा केला. डोळ्यांच्या जागी दोन गुंजा बसवल्या. पिलांनी एकदा आत डोकावून पाहिलं आणि त्या दिवसापासून कोणी न सांगता दाणे चोरायचं सोडलं.

ठरल्या दिवशी भाऊसाहेब आले. पुढच्या खोलीत शिरायला त्यांनी नेहमीसारखी अंगाला झेपेल अशी उडी मारली. पडदा बाजूला करून मागच्या खोलीत पाहिलं. लाल डोळे त्यांच्याकडे बघत होते.

दुसऱ्या उडीत भाऊसाहेब करवंदाच्या जाळीपलीकडे होते.

“दोन!” बाहेरून त्यांचा थरथरता आवाज आला. “दोन उड्या, मावशी! लिहिलं मी! येऊ नका जवळ!”

द्वारकाबाईंनी त्याच दिवशी दोन कणसं भरून टाकली. उरलेल्या पाचांतलं एक सोलून पिलांना गोड लाह्या केल्या. तात्यांनाही एक वाटी पाठवली. नवरा गेल्यापासून त्या पहिल्यांदा पाय ताणून झोपल्या. आपण परिषदेला फसवलं असं त्यांना वाटलं.

बाळांनो, परिषदेला फसवणं सोपं असतं. पण तिची वही फसत नाही, ती लिहिलेलं घट्ट धरून बसते.

भाऊसाहेब प्रामाणिक होते, हे आपण पाहिलंच. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. मोजणी : दोन उड्या. घरात राहणारे : नागनाथअण्णा. आणि नियमाप्रमाणे एक कागद अण्णांना वारुळावर पाठवून दिला.

पंधरवड्याने संध्याकाळच्या उन्हात द्वारकाबाई दारात दाणे निवडत होत्या. समोरचं गवत हललं. नागनाथअण्णा आले होते. नवी कोरी कात, तोंडात कागद. त्यांनी तो अलगद खाली ठेवला.

“मावशी, हे घर माझं आहे असं परिषद कळवते,” अण्णा नम्रपणे म्हणाले. “मला तर कल्पनाच नव्हती. किती दिवस मी वारुळात भाड्याने राहतोय!”

द्वारकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “अण्णा, लिहिताना चूक झालीय हो. तुम्ही नव्हता, तुमची कात होती.”

“माझी कात म्हणजे मीच की. थोडा जुना.” अण्णांनी आत डोकावून पाहिलं. “घर मस्त आहे. तुम्हीही राहा. मी कोणाला बाहेर काढणाऱ्यातला नाही. मला मुलांची फार आवड आहे.”

ते ऐकून अकराच्या अकरा पिलं आईच्या मागे गोळा झाली.

“हो, हो,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुम्ही प्रवासाने दमला असाल. आत जाऊन जरा टेका. मी मुलांचे पाय धुवून आणते.”

अण्णा आत सरपटले. शेपटी दिसेनाशी होताच द्वारकाबाईंनी पिलांना एकमेकांची शेपटी धरायला लावली आणि धूम ठोकली, ती थेट परिषदेच्या कचेरीत.

गवेसाहेब उठण्याच्या बेतात होते. “आता काय बाई? दोन उड्यांवर हरकत आहे?”

“उड्यांवर नाही साहेब! घर माझं आहे आणि आत नाग बसलाय!”

“घर तुमचं म्हणता? मग उड्या एकेचाळीस.”

“चालतील! एकेचाळीस चालतील! पण आधी त्याला बाहेर काढा.”

गवेसाहेबांनी मान हलवली. “एकेचाळीसवर मागे तुम्हीच हरकत घेतली होती. आता दोनवर घेता. एकदा जागेवर जाऊन पाहायला हवं.” त्यांनी हाक मारली, “डबके! आत्ता जा. घरात खरोखर कोण राहतं, ते पाहून अहवाल द्या.”

भाऊसाहेब पांढरे पडले. बेडकाने पांढरं पडणं सोपं नसतं. पण हुकूम तो हुकूम. द्वारकाबाईंना त्याही घाईत वाईट वाटलं. “भाऊसाहेब, जाऊ नका. सांगा दाराला कुलूप होतं म्हणून.”

“मी न पाहिलेलं कधी लिहीत नाही, मावशी,” भाऊसाहेब म्हणाले आणि वही घेऊन निघाले.

साळिंदर तात्यांनी लांबून पाहिलं. भाऊसाहेबांनी एक उडी मारली ती दारापर्यंत. दुसरी मारली ती आत. परतीच्या उडीची कुठे नोंद नाही.

वही तेवढी दारात पडलेली मिळाली. शिपाई माकडाने ती कचेरीत आणून दिली.

“अहवाल?” गवेसाहेबांनी विचारलं.

“अहवाल आला नाही साहेब. मोजणीदारही आले नाहीत.”

“मग निर्णय देता येणार नाही,” गवेसाहेब म्हणाले. “बाई, नवा मोजणीदार नेमला की तुमचं प्रकरण घेऊ. तोवर बसा.”

द्वारकाबाई बसल्या. बाकावर बसल्या, बाकाखाली बसल्या. पिलं पेंगली तेव्हा त्यांना घेऊन कपाटामागे बसल्या. कपाटामागे ऊब होती. ओल नव्हती. घुबडाला पंख पसरून आत येणं शक्य नव्हतं. आणि खालपासून वरपर्यंत कागद होता. जुना, मऊ, थोडा डिंक लागलेला.

तिसऱ्या दिवशी शेंडेफळाने विचारलं, “आई, इथे बिळपट्टी किती?”

द्वारकाबाईंनी नियमांचं पुस्तक ओढून घेतलं. परिषदेच्या कचेरीला पट्टी माफ होती. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, अकरा तुकडे केले आणि पिलांना वाटून दिले.

वर्ष झालं. मोजणीदार अजून नेमायचा आहे. परिषदेसाठी उडी मारायला तयार असलेला प्राणी त्या जंगलात आता दिसत नाही. गवेसाहेब रोज कचेरीत येतात, कपाटाकडे पाहून शरमल्यासारखं करतात.

“बाई, तुमचं प्रकरण विचाराधीन आहे. थोडा वेळ लागेल.”

“सावकाश होऊ द्या साहेब,” कपाटामागून द्वारकाबाई म्हणतात. “आमची काही घाई नाही.”

तात्पर्य : अन्याय झाला, तर न भिता सरकारदरबारी दाद मागायला जावे. मात्र जाताना अंथरूण-पांघरूण बरोबर न्यावे.